मदत हवी आहे: रोडामिन ६जी घट्ट केलं की चमक मरते

धागाकर्ता
हा चमकणारा (फ्लुओरोसंट) डाय इथेनॉलमध्ये १ मायक्रोमोलरला झकास चमकतो. १ मिलिमोलरला (१० मिलीत ४.८ मिग्रॅ) १ सेंमी क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत) ९० अंशांतून मोजलं, तर सिग्नल जवळपास शून्य आणि चमकेच्या वर्णपटाचं शिखर तांबड्याकडे सरकलेलं. पीएमएमए (अॅक्रिलिक प्लास्टिक) फिल्ममध्ये वजनाने १% घातलं तर यूव्ही टॉर्चखाली मातकट. डाय न बदलता फिल्म उजळ करायची आहे.

काचपात्र
ही दोन वेगळी दुखणी आहेत. द्रावणातलं बहुतेक मोजमापाचं. ५३० नॅमी (नॅनोमीटर) तरंगलांबीला मोलर शोषण (१ मोलर द्रावणाचं १ सेंमीतलं शोषण) १,१६,०००च्या आसपास, म्हणजे तुमच्या क्युवेटचं शोषण ११६! शोषण १ असलं तरी दहावा हिस्साच प्रकाश पार जातो. प्रकाश दर्शनी भिंतीलगत पाव मिमीतच संपतो आणि डिटेक्टर बघतो मधोमध, अंधारात. शिखर सरकतं ते पुनर्शोषणामुळे, म्हणजे डायने आपलाच प्रकाश पुन्हा गिळल्यामुळे. ०.१ मिमीची क्युवेट घ्या आणि ज्या बाजूने प्रकाश पाडता त्याच बाजूने मोजा. पाण्यात मात्र डायमर (दोन रेणूंच्या चिकटलेल्या जोड्या) खरोखरच बनतात. शोषणात ५०० नॅमीजवळ खांदा वर आला की समजायचं.

थरथर
फिल्मचं दुखणं खरं आहे. १% म्हणजे सुमारे २५ मिलिमोलर, रेणूंमधलं सरासरी अंतर ४ नॅमी. एवढ्या जवळून ऊर्जा या रेणूवरून त्या रेणूवर उड्या मारत जाते आणि वाटेत एखादा न चमकणारा डायमर भेटला की तिथेच विझते. त्यामुळे मोजके डायमरही सगळ्यांना बुडवतात.

आधी ०.१% करून बघा: १०० मिग्रॅ पीएमएमएला ०.१ मिग्रॅ डाय, १ मिली क्लोरोफॉर्ममध्ये. डाय इथेनॉलमधून ओतू नका. पीएमएमए त्यात नीट विरघळत नाही, गढूळ होतं. उजेड कमी वाटला तर डाय वाढवण्याआधी फिल्म जाड करा.

धागाकर्ता
जाडी वाढवता येत नाही. १%च हवं.

थरथर
मग डायच्या मिठातला क्लोराइड आयन काढून मोठा आयन घाला. छोटा आयन असला की रंगाचे चपटे रेणू एकमेकांना चिकटतात; मोठा आयन मध्ये बसला की अंतर राहतं. डाय डायक्लोरोमिथेनमध्ये घ्या, टेट्राकिस(पेंटाफ्लुओरोफेनिल)बोरेटचं लिथियम मीठ १.१ पट मोल घाला, अर्धा तास ढवळा, पाण्याने तीनचारदा धुवा. शेवटच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरटपणा आला, तर क्लोराइड उरलंय, आणखी धुवा. साधा टेट्राफेनिलबोरेट स्वस्त पडतो म्हणून वापरू नका. तो डायला इलेक्ट्रॉन देऊन उलट चमक मारतो.

काचपात्र
याच्याही पुढे सायनोस्टार (वलयाच्या आकाराचा रेणू) आहे: इंडियाना आणि कोपनहेगनच्या गटांनी २०२०मध्ये दाखवलेली पद्धत. सायनोस्टारची दोन वलयं ऋण आयनाला कवेत घेतात आणि डायचे रेणू वेगळे राहतात. डायच्या एका मोलला सायनोस्टारचे दोन. पण क्लोराइडवर नको, परक्लोरेट किंवा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट मीठ लागेल. सायनोस्टार महाग असतं, तेव्हा आधी बोरेटच करून बघा. आणि तुलना करताना दोन्ही फिल्मची जाडी आणि ५३०चं शोषण सारखं ठेवा, नाहीतर काय सुधारलं ते कळणारच नाही.