ग्वाडालूप: शिखर की मॅकिट्रिक? आज ठरवा

शमा: काल रात्री टाकलेला मेसेज कोणी वाचला का? ब्लू टिक सगळ्यांच्या दिसताहेत, उत्तर एकाचंही नाही. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार टेक्ससच्या ग्वाडालूप माउंटन्स नॅशनल पार्कात, हे गणपतीतच ठरलं होतं. मी मॅकिट्रिकची दरी म्हणत होते, आता दादा परस्पर "सगळे ग्वाडालूप पीक", म्हणजे शिखर, लिहून मोकळा. माईच्या गुडघ्याचं काय?

बंडूदादा: परस्पर नाही. पोल टाकला होता. शिखराला बहुमत आहे.

शमा: त्यात सुमाआत्याचंही मत आहे. ती पुण्यात आहे, दादा.

सुमाआत्या: पुण्यात असले म्हणून काय झालं? मी घरातली नाही का? नको असेन तर काढून टाका ग्रुपमधून.

नाना: सुमे, तुला कोणी काढत नाहीये.

विकासकाका: सर्वांना शुभ सकाळ 🙏 आज नागपुरात पाऊस आहे. विषय काय चाललाय?

चिन्या: बाबा, वर जाऊन वाचा.

चिन्या: शमाताई, टेक्ससचं सर्वांत उंच टोक आहे ते. ८,७५१ फूट. जाऊन-येऊन साडेआठ मैल. आपण कळसूबाई केलंय की.

शमा: कळसूबाई ५,४०० फूट. पाइन स्प्रिंग्जला जिथे गाडी लावायची तीच जागा त्याहून उंच आहे. तिथून पुढे ३,००० फूट चढ, वाटेवर नळ नाही, सावली थोडीच, वारा माणसाला हलवणारा. सहा ते आठ तास लागतात. तुला जमेल. नाना ७४ चे आहेत.

नाना: माझं वय काढायची गरज नव्हती.

शमा: नाना, काळजीने म्हटलं.

शमा: परत टाकते, आता तरी वाचा.
पाणी: माणशी दिवसाला ४ लिटर, आपलं आपण न्यायचं.
पेट्रोल: पार्कमध्ये पंप नाही. सगळ्यात जवळचा सुमारे ३५ मैलांवर. टाकी भरूनच यायचं.
पासपोर्ट: सगळ्यांनी मूळ कागद जवळ ठेवायचे.

गौरीवहिनी: जेवणाचं मी बघते. कोळशाची छोटी शेगडी आहे आमच्याकडे, पिकनिक टेबलापाशी वांगी भाजू. भरीत-भाकरी.

शमा: वहिनी, कोळसा चालत नाही. लाकूडही नाही. अख्ख्या पार्कमध्ये आगीला बंदी आहे. फक्त गॅसची शेगडी चालते.

गौरीवहिनी: बरं. मागच्या सहलीतही मी आणलेलं खाणं गाडीतच राहिलं होतं. या वेळी तूच ठरव मेनू.

बंडूदादा: भरीत घरून करून नेऊ. विषय संपला.

गौरीवहिनी: विषय मी सुरू केला नव्हता.

विकासकाका: भरीत म्हटलं की आमचं जळगावच 😄

सुमाआत्या: विकास, तू नागपूरचा झालास तरी जळगाव सुटत नाही. आणि ते पासपोर्टचं काय? आपल्या देशाबाहेर जाताय का परत?

शमा: नाही आत्या. तो भाग मेक्सिकोच्या सीमेजवळ आहे. तिकडच्या हमरस्त्यांवर बॉर्डर पॅट्रोलच्या, म्हणजे सीमा पोलिसांच्या, चौक्या असतात, गाडी थांबवून नागरिकत्व विचारतात. नाना-माई व्हिजिटर व्हिसावर आहेत. पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, छापील प्रत हवीच. दादा, तू एल पासोला उतरून येणार आहेस, तुझं ग्रीन कार्ड पाकिटात ठेव, घरच्या कपाटात नको.

सुमाआत्या: बाई गं! नानाला नेऊच नका मग.

नाना: सुमे, मी काही चोरी करायला चाललो नाही. कागद दाखवू, पुढे जाऊ.

बंडूदादा: पार्कच्या प्रवेशाच्या पासचं बोलू. नाना-माईंचे सिनिअर पास काढू, वर्षाचा २० डॉलरला मिळतो.

शमा: तो फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. हे मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. माझा वर्षाचा पास आहे, जिथे माणशी फी असते तिथे त्यावर माझ्यासह चार मोठी माणसं जातात. आम्ही दोघं आणि नाना-माई त्यात बसतो. तुम्ही दोघं आणि चिन्या आपापलं बघा.

बंडूदादा: आपापलं बघा 👍 छान.

गौरीवहिनी: बडीचं काय? त्याला कुठे ठेवायचं?

चिन्या: बडीला शिखरावर नेऊ! पहिला मराठी कुत्रा 😂

शमा: कुत्री तिथल्या वाटांवर चालत नाहीत. पाइनरी नावाची एक छोटी वाट आहे, तेवढीच. मॅकिट्रिकला तर अजिबात नाही. गाडीत बंद करून ठेवणं उन्हात जिवावर बेतू शकतं. वहिनी, मला बडी आवडतो, म्हणूनच सांगते.

गौरीवहिनी: ठीक आहे. शेजाऱ्यांना विचारते.

नाना: जरा मोठं लिहितो. बंडू, तू शिखर शिखर करतोस, पण तो डोंगर म्हणजे काय ते आधी समजून घे. आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. ग्वाडालूप हा समुद्राचा. २६-२७ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता आणि त्याच्या काठाने शैवालं, स्पंज आणि चुन्याचे सांगाडे असलेल्या इतर जिवांनी नालेच्या आकाराचा सुमारे ४०० मैलांचा खडक बांधला. पुढे तो गाडला गेला, मग जमीन उचलली गेली आणि वरचं झिजून त्याचा एक तुकडा उघडा पडला. एल कॅपिटन हा जो सरळसोट कडा फोटोत दिसतो, तो त्या खडकाचाच. वाळवंटाच्या मधोमध आपण समुद्रातल्या जिवांच्या हाडांवरून चालणार. मी ३२ वर्षं मुलांना फळ्यावर असा समुद्री खडक काढून दाखवला, आता हात लावून बघायचाय. त्याला शिखरावरच जावं लागतं असं नाही.

चिन्या: नानाकाका 🙌

विकासकाका: स्पंजला हाडं नसतात नाना.

नाना: सांगाडे म्हणतो मग. खूश?

सुमाआत्या: नानाचा तास सुरू झाला 😄 आम्ही शाळेतही असेच बसायचो.

शमा: नाना, म्हणूनच मी मॅकिट्रिक म्हणतेय. त्या दरीत ओढा आहे, त्याच्या काठाने मेपल. हिमयुगात हवा थंड होती तेव्हा ती झाडं या भागात पसरली, नंतर सगळीकडे वाळवंट झालं, पण दरीच्या सावलीत आणि ओलीत ती टिकून राहिली. ऑक्टोबरच्या शेवटी ती लाल-पिवळी होतात. खाली निवडुंग आणि वर लाल मेपल. सोबत मॅड्रोन नावाचं झाड, त्याची साल निघून आत गुळगुळीत तांबडं खोड दिसतं. प्रॅट केबिनपर्यंत २.४ मैल, वाट बऱ्यापैकी सपाट, दगड मात्र सुटे आहेत. तेलाच्या धंद्यातल्या वॉलेस प्रॅट या भूवैज्ञानिकाने स्वतःची ही जमीन देशाला दिली, म्हणून आज आपल्याला तिथे पाय ठेवता येतो. १९७२ मध्ये पार्क झालं.

शमा: आणि ओढ्यात कोणी पाय घालायचे नाहीत. मनाई आहे. चिन्या, तुला सांगते.

चिन्या: मी का? 😭

बंडूदादा: सगळं मान्य. पण मी आठ तासांचा रस्ता वाचवून एल पासोला विमानाने येतोय तो फक्त पानं बघायला? वर १९५८ चा स्टीलचा पिरॅमिड आहे, बटरफील्ड टपालगाडीच्या शताब्दीचा. मला तिथे उभं राहायचंय. माझंही वय वाढतंय, शमा. पुढच्या वर्षी जमेल की नाही माहीत नाही.

शमा: मग हे आधी बोलायचं होतंस ना दादा. पोल कशाला टाकलास?

शमा: परत: पाणी माणशी ४ लिटर, टाकी भरलेली, मूळ कागद जवळ.

विकासकाका: हे तिसऱ्यांदा आलं.

शमा: तरी गाडीत कोण एक बाटली घेऊन बसणार ते मला माहीत आहे काका.

माई: मी आत्ता वाचलं सगळं. माझ्या गुडघ्यावर एवढी चर्चा चालली आहे, मला कोणी विचारलं नाही. शिखर मला नको. पण मला गाडीतही बसायचं नाही. ती लाल झाडं मी बघणार. काठ्या घेऊन हळूहळू चालेन, जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबेन. बंडूला वर जाऊ द्या, त्याला लहानपणापासून टोक दिसलं की चढायचं असतं. पण सगळे एक दिवस तरी बरोबर हवेत. एवढ्यासाठीच आम्ही आलोय.

गौरीवहिनी: माई ❤️

बंडूदादा: बरं माई.

शमा: मग असं करू. सगळ्यांचा मुक्काम कार्ल्सबाड गावात, तिथून पार्क तासाभरावर. शनिवारी दादा आणि चिन्या पहाटे शिखराला. त्या दिवशी आम्ही बाकीचे कार्ल्सबाडच्या गुहेत. लिफ्टने ७५० फूट खाली जाता येतं, आतला मोठा फेरा सव्वा मैल, बहुतेक सपाट. आत १३ अंश असतं, स्वेटर घ्या. प्रवेशाची वेळ आधी नोंदवावी लागते, ते मी करते. लिफ्ट चालू आहे ना, ते आदल्या दिवशी बघू. रविवारी सगळे मॅकिट्रिक. तिथलं फाटक सकाळी उघडतं आणि संध्याकाळी कुलूप लागतं. रंगांच्या दिवसांत पार्किंग लवकर भरतं, म्हणून फाटक उघडताना आपण तिथे हवं.

बंडूदादा: म्हणजे पहाटे निघायचं. कुठल्या वेळेने? आमच्या की त्यांच्या?

शमा: त्यांच्या. पार्क माउंटन टाइमवर आहे, डॅलस-ऑस्टिनपेक्षा एक तास मागे. चिन्या ॲरिझोनात आहे, तिथे घड्याळ बदलत नाही, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तो आणखी एक तास मागे. सगळ्यांनी तिथलीच वेळ धरा.

सुमाआत्या: आणि मी? माझ्या घड्याळात काय वाजले असतील? मला व्हिडिओ कॉल करा दरीतून.

चिन्या: आत्या, तिथे बहुतेक ठिकाणी रेंज नसते.

सुमाआत्या: मग मतदान कशाला घेतलंत माझं!

नाना: सुमे, फोटो पाठवीन. प्रत्येक झाडाचा.

गौरीवहिनी: शेजारी हो म्हणाले, बडी त्यांच्याकडे राहील. भरीत करून आणते. भाकऱ्या कोण करणार?

माई: मी करते. पीठ डॅलसहून आणते.

चिन्या: पाण्याचे कॅन मी एल पासोत घेतो. सात माणसं, दोन दिवस, शमाताईच्या हिशोबाने ५६ लिटर. डिकीत बसेल ना दादा?

बंडूदादा: बसेल. मोठी गाडी घेतो भाड्याने.