मुरगळलेला घोटा, दुखरी टाच: नाचणाऱ्या-पळणाऱ्या नाशिककरांनो, लिहा

पाय मुरगळला की आंबेहळदीचा लेप आणि हाडवैद्याचा पत्ता हे दोन्ही नाशकात न मागता मिळतं. मी मुलांना खो-खो शिकवतो. खांबाला वळसा घेताना पाऊल आत वळतं, घोट्याची बाहेरची शीर ताणली जाते, आणि अर्ध्या तासात घोट्यावर लिंबाएवढी सूज! लेपाला माझी हरकत नाही, झटका देऊन 'बसवण्याला' मात्र आहे. काय दुखलं, निदान कसं झालं, परत कसे उतरलात ते लिहा. डॉक्टरांची नावं नकोत.

तत्कार
कथक करते. विशारदच्या परीक्षेआधी रियाज वाढवला, तोही शहाबादी फरशीवर. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटामागच्या हाडावर, बोट ठेवून दाखवता येईल एवढ्याच जागी दुखायचं. सकाळी काही नाही. दुगुन, म्हणजे दुप्पट लय, सुरू झाली की कळ. एक्स-रे स्वच्छ आला, त्यामुळे घरच्यांना ते परीक्षेचं टेन्शन वाटलं. पुढे एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. अशी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही म्हणे. डॉक्टरांनी पाळी नियमित येते का विचारलं तेव्हा आई चमकलीच. पण खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की पाळी चुकते, हाडंही कमकुवत होतात. माझं तेच चाललं होतं. पुढचे दोनेक महिने गुरुजींनी बसवून पढंत (तोंडाने बोल म्हणणं) आणि हस्तकं (हातांच्या हालचाली) करून घेतली. घुंगरू अगदी शेवटी, आधी थोडेच. आता क्लासमध्ये लाकडी फळ्यांवर नाचतो.

गोल्फ क्लबचा फेरीवाला
टाचेच्या मागची शीर. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पावलं लंगडत. पांडवलेणीच्या पायऱ्या बंद केल्या. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडायची, हा व्यायाम तीन महिने केला. कंटाळवाणा आहे, पण गुण आला. एक मित्र म्हणतो, बूट फेकून दे, कविता राऊत अनवाणीच पळायची.

धागाकर्ता
काका, मित्राला सांगा, ती सावरपाड्याच्या डोंगरवाटांवर लहानपणापासून अनवाणी पळत होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य मिळालं त्यामागे ती सगळी वर्षं आहेत. चाळिशीत खुर्चीवरून उठून थेट अनवाणी डांबरावर उतरलात तर पोटरी आणि टाच दोन्ही बोंबलतील.

चढाईपटू
कबड्डीत पाय मुरगळला. घोटा फारसा दुखत नव्हता, पण करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर दाबलं की जीव जायचा. तिथलं हाड मोडलं होतं. प्लास्टर.

धागाकर्ता
हे फार कामाचं लिहिलंत. आमच्या मैदानावरचा नियम असा: दुखापतीनंतर चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही गाठींच्या मागच्या कडेला, करंगळीच्या बाजूच्या त्या हाडावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे. एरवी बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. दुखणं सोसेल तसं हळूहळू चालायचं.

शटल
बॅडमिंटन खेळताना मागून कोणीतरी रॅकेट मारल्यासारखं वाटलं. वळलो, तर कोणीच नाही. डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली: चांगल्या पायाचं पाऊल हललं, दुसऱ्याचं ढिम्म. टाचेची शीर तुटलेली.

लेझीमवाली
माझा तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळायचा. फिजिओने एका पायावर उभं राहून दात घासायला लावलं, जमल्यावर डोळे मिटून. सासूबाई हसायच्या. आता त्याही करतात.

एका धावपटूची आई
सर, मुलगी चौदा वर्षांची, खो-खो खेळते. सूज उतरली आहे. पट्टी बांधून जिल्ह्याच्या सामन्यात उतरवू का?

धागाकर्ता
ताई, सूज उतरली म्हणजे शिरेत ताकद आली असं नाही. तिला दुखऱ्या पायावर लंगडी घालून दाखवायला सांगा, मग चांगल्या पायावर. दोन्हीकडे सारखी जमली आणि वळताना दुखलं नाही तर फिजिओला विचारून उतरवा. नाहीतर या सामन्याला बाकावर. तिचे सर ऐकत नसतील तर मला कळवा, मी बोलतो त्यांच्याशी.