रक्ताचं पाणी झालंय का?

नमस्कार मंडळी,

काल तपासणीला रक्त दिलं. जरा भोवळ आली म्हणून तिथेच बसवून ठेवलं, तर थोड्या वेळाने यंत्रात गरगर फिरवून काढलेली माझीच नळी समोर दिसली. वर निम्म्याहून जास्त पिवळसर पाणी, लाल रंग सगळा तळाला! आयुष्यभर रक्ताचं पाणी केलं हे खरं, पण इतकं शब्दशः? जाणकारांनी सांगावं.

उत्तर: रक्ताचं पाणी झालंय का?

काका, घाबरू नका. लॅबमध्ये उभं आयुष्य गेलंय माझं, असल्या नळ्या रोज पाहिल्या. ते पिवळं म्हणजे प्लाझ्मा. रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग तोच असतो, आणि त्यातही नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. उरलेल्यात प्रथिनं, क्षार, साखर, संप्रेरकं. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं; ते फार घटलं की पायांवर सूज येते.

लाल आणि पिवळ्याच्या मधे एक पांढुरका पापुद्रा असतो, तो तुम्हाला दिसला नसेल. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स एवढ्याशा जागेत मावतात. एका पांढऱ्या पेशीमागे सहा-सातशे लाल, असा हिशेब.

खरी गंमत त्या लाल थराची. लाल पेशी तयार होताना आपलं केंद्रक टाकून देते, आतली ऊर्जेची भट्टीसुद्धा. त्यामुळे अंगभर ऑक्सिजन वाहते, पण त्यातला कणही स्वतः वापरत नाही. पोटापुरती ग्लुकोजवर भागवते. अशी निर्मोही हमाल दुसरी नाही! पण केंद्रक नाही म्हणून डागडुजीही नाही. सुमारे १२० दिवसांत खेळ खलास. म्हणून हाडांतल्या मगजात सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार होत राहतात.

म्हाताऱ्या पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडल्या जातात. लोह परत वापरात येतं. नव्या पेशींना रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं, अन्नातून मात्र जेमतेम १-२ मिलिग्रॅम शोषलं जातं. बाकी सगळं या मोडीतलंच. हिमोग्लोबिनमधला रंगाचा भाग उरतो, त्याचं बिलिरुबिन होतं, पिवळं. तेच प्लाझ्मातून यकृताकडे जात असतं. म्हणजे काका, तुमच्या नळीतलं वरचं पिवळेपण बऱ्याच अंशी खालच्या लालाचंच आहे, मोडून गेलेल्या. मुका मार लागला की डाग काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होतो ना? तोच प्रवास कातडीखाली दिसतो.

उत्तर: उत्तर: रक्ताचं पाणी झालंय का?

ताई, मधेच विचारते. माझ्या एका नळीत असे थर नव्हते, लाल गोळाच झाला होता. ते बिघडलेलं का?

उत्तर: उत्तर: उत्तर: रक्ताचं पाणी झालंय का?

नाही हो, ती मुद्दाम गोठू दिलेली. काकांच्या नळीत न गोठण्याचं औषध असणार. ते कॅल्शियम अडकवून ठेवतं, आणि कॅल्शियमवाचून गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही. तुमच्या नळीत ते नव्हतं, म्हणून प्लाझ्मातल्या फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे धागे झाले आणि पेशी जाळ्यात अडकल्या. गोळ्याभोवती सुटलेलं पाणी म्हणजे सीरम: प्लाझ्माच, पण फायब्रिनोजेन खर्ची पडलेला.

काका, रिपोर्टवर पीसीव्ही बघा. लाल थराची उंची नळीत शेकडा किती, तोच तो आकडा.

उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: रक्ताचं पाणी झालंय का?

पाहिला. ४४ आहे. बिलिरुबिनही सापडलं, ०.७. बायको म्हणते, भोवळ रक्तामुळे नाही, सुई बघून आली. त्यावर लॅबवाल्या ताईंचं मत नकोय.