मदत हवी आहे: आइस हॉकीच्या स्केट्समुळे भाचीच्या तळपायांत गोळे येतात, मोठा नंबर घ्यावा का?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

नमस्कार. माझी भाची जानेवारीत लेहला आइस हॉकीच्या शिबिरासाठी जाणार आहे. दिवाळीच्या सुट्टीत गुरुग्रामच्या बर्फाच्या रिंकवर तिने नवे स्केट्स पहिल्यांदा वापरले आणि थोड्याच वेळात दोन्ही तळपायांत गोळे येऊन तिला बाहेर बसावे लागले. दोन्ही पायांच्या आतल्या घोट्यावर फोड आले आहेत आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे लेस सर्वांत घट्ट बसते तिथे, लाल वळ उठला आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की नवा बूट आहे, सवय होईल. माझ्या मते बूट लहान आहे. एक नंबर मोठा घ्यावा, की याच बुटात काही करता येईल? घरी आणून ठेवल्यापासून ब्लेडवर तांबूस ठिपकेही दिसू लागले आहेत, त्यावर काय करावे? बदलून घेण्याची मुदत संपत आली आहे, म्हणून अनुभवी लोकांनी कृपया लवकर उत्तर द्यावे.

देवगडकर

पायाला रग लागते याचा अर्थ बूट घट्ट आहे, यात वेगळे काही शोधण्यासारखे नाही. वाढत्या वयाच्या मुलीला तंतोतंत मापाचा बूट घेऊच नये, कारण एवढी महाग वस्तू दोन हंगाम तरी चालली पाहिजे. एक नंबर मोठा घ्या, आत दोन मोजे घालू द्या, आणि पुढच्या वर्षी एक मोजा कमी करा. आमच्या घरातल्या सगळ्या मुलांचे खेळाचे बूट याच पद्धतीने घेतले गेले आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

टोरांटोतला मालवणी

मी गेली काही वर्षे इथल्या मुलांच्या संघाला मदत करतो, त्यामुळे या तक्रारी नेहमी ऐकतो. पण तुमच्या प्रश्नात ज्यावर सगळे अवलंबून आहे तेच नाही. स्केटचा नंबर काय आहे? तिच्या रोजच्या बुटाचा नंबर काय, आणि पावलाची लांबी किती सेंटिमीटर भरते? मोजे कोणते घातले होते? बूट विकत घेताना तापवून पायावर बसवून दिला होता का? वय किती? ही माहिती मिळेपर्यंत मोठा नंबर मागवू नका, कारण तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणे एकत्र दिसतात तेव्हा बूट लहान असण्यापेक्षा मोठा असण्याची शक्यता जास्त असते.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

वय १४. स्केटचा नंबर ६ आहे. तिच्या खेळाच्या बुटावर ७ लिहिलेले आहे, आणि स्केट एक नंबर लहान घ्यायचा असतो असे सांगून विक्रेत्याने ६ दिला, म्हणजे नंबर नियमाप्रमाणेच आहे. मोजे लोकरीचे होते. तापवण्याबद्दल काही सांगण्यात आले नाही. मोठा बूट पायाला त्रास कसा देईल हे मला समजत नाही. मुलगी लेस ओढूनओढून बांधते तरी तिला पाय हलल्यासारखा वाटतो असे ती म्हणते, ते बहुधा सवय नसल्यामुळे असावे. कृपया नंबर बदलायचा की नाही एवढे स्पष्ट सांगा.

आंबोलीघाट

मी सैन्यात असताना लेहला हिवाळे काढले आहेत. पाऱ्याने उणे वीस गाठणे तिथे जानेवारीत नवल नाही, आणि गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. किनाऱ्यावरच्या मुलीने विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घेतलीच पाहिजे, भरपूर पाणी प्यायले पाहिजे आणि डोके दुखू लागले तर ते लपवता कामा नये. स्केटबद्दल माझे मत देवगडकरांसारखेच आहे: जाड लोकरी मोजा मावेल एवढा मोठा बूट घ्यावा. बर्फावर बोटे गारठली की खेळ संपतो.

टोरांटोतला मालवणी

विश्रांतीचा सल्ला अगदी योग्य आहे. मोज्याबद्दल मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. जाड मोजा घातला की पाऊल आणि बूट यांच्यामध्ये एक दबणारा थर येतो, पाऊल आत सरकते, सरकू नये म्हणून लेस आणखी आवळली जाते, आणि आवळल्यामुळे रक्त पुढे पोहोचत नाही. बोटे गारठण्याचे ते मोठे कारण आहे. आमची मुले उघड्या मैदानावर कडाक्याच्या थंडीत एकच पातळ मोजा घालून खेळतात आणि मधल्या वेळेत उबदार खोलीत जाऊन बूट सैल करतात.

मिऱ्याबंदर, मोठ्या बुटाने त्रास कसा होतो याचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. पाय आत हलतो म्हणून मुलगी नकळत बोटांनी तळ पकडून ठेवते, त्यामुळे तळपायाचे स्नायू सतत आखडलेले राहतात आणि गोळे येतात. टाच वरखाली होते म्हणून घोटा घासून फोड येतो. लेस कमालीची आवळली जाते म्हणून घोट्याच्या पुढच्या शिरांवर वळ उठतो.

आता बुटावरचा ७ हा आकडा कोणत्या मापाचा आहे ते पाहा. त्या खेळाच्या बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर ब्रिटिश, अमेरिकन आणि युरोपीय असे वेगवेगळे आकडे असतात. ते सगळे इथे लिहा. त्यानंतर स्केटमधला आतला सोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा, त्यावर भाचीला पातळ मोजा घालून उभे करा, बोटे सोलच्या पुढच्या कडेला आणा आणि टाचेमागे किती जागा उरते ते सांगा.

चाकवाला

रत्नागिरीत बर्फ नाही, मग एवढा खर्च कशासाठी? त्यापेक्षा इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रांगेत चाके असलेले, घ्या. काँक्रीटवर ८५ए कठीणपणाची चाके चांगली टिकतात, मऊ चाके लवकर झिजतात. बेअरिंगवर वाळू जाऊ नये म्हणून भाट्याच्या किनाऱ्याजवळच्या रस्त्यावर स्केटिंग केल्यास घरी आल्यावर ती लगेच पुसावीत.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

चाकवाला, ती तीन वर्षे इनलाइन हॉकीच खेळते आणि तिच्याकडे ते स्केट्स आहेत. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून तिने बर्फावर खेळण्याचा ध्यास घेतला आहे. माझा प्रश्न बर्फावरच्या स्केट्सचा आहे. सोलची चाचणी आज संध्याकाळी करून कळवतो. दरम्यान गंजाबद्दल कोणी काही सांगेल का?

वाशिष्ठी

गंजाबद्दल मी सांगते. माझा मुलगा शिकायला परदेशात होता, त्याचे स्केट्स आता चिपळूणला आमच्या घरी आहेत आणि दोन पावसाळे निभावून नेले आहेत. सर्वांत मोठे नुकसान प्लॅस्टिकच्या कडक गार्डमुळे होते. तो गार्ड रिंकपासून बाकापर्यंत चालण्यापुरता असतो. ब्लेड त्यातच ठेवले तर आतले पाणी सुकत नाही आणि आपल्या खारट हवेत ब्लेडवर लगेच ठिपके धरतात. घरी आणताच ब्लेड, त्याला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा भाग आणि तळव्याखालचे रिवेट कोरड्या फडक्याने पुसा, आतला सोल आणि लेस काढून पंख्याखाली सुकवा, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पूर्ण सुकल्यावर ब्लेडवर शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि टॉवेलच्या कापडाचे मऊ आवरण घाला. खोबरेल लावू नका, ते चिकटते आणि खवट होते. पावसाळ्यात आम्ही ते झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आणि महिन्याकाठी पुड्या बदलतो.

ठिपके नुकतेच आले असतील तर बारीक पॉलिश पेपरने ब्लेडच्या फक्त बाजू हलक्या हाताने घासा. खालच्या धारेला हात लावू नका. रिवेटच्या कडेने तांबूस ओघळ दिसत असेल तर मात्र आत पाणी शिरते आहे असे समजा, आणि ब्लेडचा सांगाडा हाताने धरून हलवून पाहा. तो जराही हलता कामा नये.

घट्टपणासाठी स्केट ओव्हनमध्ये तापवतात. आम्ही मुलाचे घरच्या ओटीजीत केले होते आणि ते छान बसले.

टोरांटोतला मालवणी

वाशिष्ठीताईंचा गंजाबद्दलचा प्रत्येक शब्द जपून ठेवण्यासारखा आहे. स्टेनलेस ब्लेडसुद्धा खाऱ्या हवेत निर्धास्त नसते, एवढीच भर घालतो.

ओटीजीला मात्र माझा विरोध आहे. बहुतेक बुटांना साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे पुरतात, आणि घरच्या ओटीजीत तापमान कमीजास्त होते, तापलेली कांब बुटाच्या अगदी जवळ असते. चिकटवलेले थर सुटले की बूट गेलाच. शिवाय तापवल्याने बूट पायाच्या आकाराला बसतो, त्याची लांबी कमी होत नाही. नंबर चुकलेला असेल तर तापवलेला बूट परत करण्याचा मार्गही बंद होतो. म्हणून मिऱ्याबंदर, निकाल लागेपर्यंत तापवू नका.

वाशिष्ठी

आमच्या ओटीजीत निराळा थर्मामीटर ठेवून तापमान पाहिले होते आणि पंख्याची हवा खेळती होती. काळजी घेतली तर होते, एवढेच माझे म्हणणे आहे. कोकणात स्केट तापवून देणारे दुकान कुठे मिळणार, तेही सांगा.

टोरांटोतला मालवणी

मिळणार नाही हे मान्य. त्यावर उपाय असा की तापवण्याऐवजी तो बूट रोज संध्याकाळी घरात कडक गार्ड लावून अर्धा तास घालावा, गुडघे वाकवून बसावे-उठावे. पायाच्या उबेने आतले अस्तर हळूहळू बसते. वेळ लागतो, पण जोखीम नाही.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

चाचणी केली. बोटे सोलच्या पुढच्या कडेला टेकवल्यावर टाचेमागे माझी दोन बोटे जवळजवळ मावतात. पाऊल भिंतीला टाच लावून मोजले तर दोन्ही पाय २४ सेंटिमीटरच्या आसपास आहेत, उजवे किंचित मोठे. बुटाच्या लेबलवर ब्रिटिश ५, अमेरिकन ७, युरोपीय ३८ असे आहे. म्हणजे विक्रेत्याने अमेरिकन ७ मधून एक वजा केला. मग चूक कुठे झाली? स्केटच्या मापांच्या तक्त्यातही अमेरिकन मापातूनच वजा करायचे असते ना?

टोरांटोतला मालवणी

आता चित्र स्पष्ट झाले. अमेरिकेत बायकांच्या आणि पुरुषांच्या बुटांचे आकडे वेगळे असतात. तिच्या बुटावरचा ७ हा बायकांचा आकडा आहे. हॉकीच्या स्केटचे तक्ते मात्र पुरुषांच्या आकड्यावर बेतलेले असतात, आणि त्या मापात ब्रिटिश ५ म्हणजे साधारण साडेपाच ते सहा. स्केट त्यापेक्षा एक ते दीड नंबर लहान घ्यायचा असतो, म्हणजे तिला साधारण साडेचार हवा. तुमच्याकडे ६ आहे. एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर, त्यामुळे दीड नंबरात जवळजवळ सव्वा सेंटिमीटर जास्तीची जागा झाली. तुम्हाला दोन बोटांची जी फट दिसली ती हीच.

साडेचार नंबर पायात घालून पाहताना एवढे तपासा. टाच मागे ठोकून लेस बांधल्यावर सरळ उभे राहिले की बोटे बुटाच्या पुढच्या टोपीला, म्हणजे बोटांवरच्या कडक भागाला, हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे आली पाहिजेत. टाच उचलता कामा नये. लेस सैल असताना वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवा. ती दोन्ही कडांवर सपाट न टेकता पायाच्या उंचवट्यावर अडकली तर बूट तिच्या पायाला उथळ आहे, आणि तेव्हा नंबर न वाढवता जास्त खोल साचा मागवावा लागतो.

देवगडकर

१४ वर्षांची मुलगी आहे, पाय वाढला तर साडेचार सहा महिन्यांत निकामी होईल. मग पैसे कोण भरणार?

टोरांटोतला मालवणी

वाढीसाठी जागा ठेवायचीच तर टाचेमागे एका बोटाएवढी, त्याहून जास्त नाही. पैशांचा विचार मीही करतो, आणि मोठ्या बुटात पैसे वाचत नाहीत. पाय आत डुलतो तेव्हा घोट्याजवळची भिंत प्रत्येक वळणाला दुमडते, तिथे सुरकुती पडते आणि बुटाचा ताठपणा एका हंगामात जातो. ब्लेड झिजले तर नवे बसवता येते, रिवेट बदलता येतात, पण बुटाचा घोट्याजवळचा भाग मोडला तर तो दुरुस्त होत नाही. नीट बसलेला बूट धाकट्या भावंडाला देता येतो किंवा विकता येतो.

आंबोलीघाट

लांबीबद्दल माझे मत या माहितीनंतर बदलले आहे. धारेबद्दल एक महत्त्वाचे सांगतो, कारण रत्नागिरीत कोणीतरी सुरी-कात्रीच्या चाकावर ब्लेड धरून देईल. तसे कदापि करू नये. ब्लेडच्या तळाला लांबीच्या दिशेने खोबण असते आणि तिच्या दोन कडांवर खेळाडू उभा राहतो. साध्या चाकावर ती खोबण सपाट होते. लेहमधल्या करझूच्या तळ्यासारख्या नैसर्गिक बर्फावर धूळ आणि रेतीचे कण असतात, त्यामुळे धार लवकर बोथट होते. शिबिरात स्केटला धार लावण्याचे यंत्र आहे का, हे आयोजकांना आधीच विचारा.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. विक्रेत्याला पावलाचे माप आणि सोलवर उभ्या पायाचा फोटो पाठवला. बर्फावर वापरलेले स्केट्स परत घेत नाही असे त्याने आधी सांगितले, पण माप त्यानेच काढल्यामुळे अर्ध्या किमतीची सूट देऊन साडेचार देण्यास तो तयार झाला आहे. साडेचारमध्ये दोन रुंदी आहेत, त्यांपैकी कोणती मागवू? मला उद्या दुपारपर्यंत कळवायचे आहे.

टोरांटोतला मालवणी

कागदावर तिला उभे करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा, चवड्याच्या सर्वांत रुंद जागेचे माप घ्या आणि दोन्ही आकडे इथे लिहा. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. उजवे पाऊल मोठे असल्याने त्याच्यावरूनच ठरवू. इनलाइनच्या बुटात तिची करंगळी कधी दुखली होती का, हेही तिला विचारून कळवा.