दोनशे डॉलरचा रेड डॉट म्हणजे पैसे पाण्यात? साफ असहमत

खडकवासला_ह्यूस्टन

काल एकाने विचारलं, ‘पहिली एआर-१५ रायफल घेतली, बजेट दोनशे डॉलर, रेड डॉट (नेम धरायला काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) कुठला?’ त्यावर ‘लोखंडीसाइट’ यांनी लिहिलं: ‘एमपॉइंट (स्वीडिश कंपनीचा रेड डॉट) घ्या, नाहीतर लोखंडी (साध्या, बिनठिपक्याच्या) साइटवरच शिका. मधलं सगळं खेळणं, पैसे पाण्यात.’ विचारणाऱ्याचं काम काय, तर महिन्यातून दोनदा रेंजवर ५० आणि १०० यार्डांवर कागदाला भोकं पाडणं. त्याला हे उत्तर देणं चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

साठ-सत्तर डॉलरच्या खालचं बहुतेक टाळा, इथपर्यंत आपलं एकमत. तिथे बिघडतं ते नेमकं असं: झिरोचे, म्हणजे गोळी ठिपक्यावरच लागेल असं जुळवायचे, स्क्रू ज्या स्प्रिंगच्या दाबावर बसतात ती ढिली असते. चार क्लिक (स्क्रूचे टप्पे) फिरवले तरी ठिपका हलत नाही, आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याला एकदम सहा क्लिकची उडी मारतो. एलईडी नीट चिकटवलेला नसतो. काचेवरचं कोटिंग इतकं निळं असतं की संध्याकाळी तपकिरी टार्गेट मातीत मिसळतं.

पण सव्वाशे ते दोनशेच्या टप्प्यात चित्र पार बदलतं. सिग रोमिओ५ आणि होलोसन ४०३बी घ्या. दोन्हींचा ठिपका २ एमओए (कोनाचं माप; १०० यार्डांवर एक एमओए म्हणजे सुमारे एक इंच), क्लिक अर्ध्या एमओएची, बॅटरी सीआर२०३२ (नाण्यासारखी चपटी). कंपन्या सांगतात ते तास रोमिओ५ ला ४०,००० आणि ४०३बी ला ५०,०००. हलवलं की ठिपका पेटतो, ठेवून दिलं की विझतो. आणि दोन्हींसोबत एक बुटका आणि एक उंच असे दोन माउंट (साइट रायफलवर बसवायचे आधार) येतात. नवख्याच्या हे लक्षात येत नाही. बुशनेल टीआरएस-२५ स्वस्त म्हणून घेतला, तर एआरवर तो नुसता बसवून चालत नाही. गाल दस्त्यावर टेकला की डोळा साइटच्या वर राहतो. रायझरला (साइट उंच करणाऱ्या ठोकळ्याला) वेगळे पैसे मोजल्यावर फरक उरतो किती? शिवाय त्याची बॅटरी सुमारे ३,००० तास, म्हणजे खटका बंद करायला विसरलात तर चार महिन्यांत संपली.

उरलेल्या पैशांच्या गोळ्या घ्या. नेम गोळ्यांनी सुधारतो.

लोखंडीसाइट

माझं वाक्य अर्धंच उचललंत. ‘घर राखायला ठेवणार असाल तर’ असं मी त्याच प्रतिसादात खाली लिहिलं होतं. वर्षभर कपाटात पडून असलेली रायफल रात्री दोन वाजता उचलली तर ठिपका दिसलाच पाहिजे. एमपॉइंट प्रो ३०,००० तास सतत चालू राहतो, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. त्याला हलवायचं नाही, उठवायचं नाही, सेन्सरच नाही. जो भागच नाही तो बिघडणार कसा?

आणि ही कंपनी १९७५ पासून हेच करत आली आहे. स्वीडनमध्ये बनवतात. होलोसन कुठे बनतो, तेही लिहा की.

खडकवासला_ह्यूस्टन

होलोसन चीनमध्ये बनतो. सिगचा रोमिओ५ सुद्धा चीनमध्येच बनतो. देशाचा मुद्दा असेल तर दोघांनाही लावा. तो मुद्दा मला समजतो आणि कुणी त्यावरून न घेणं ठरवलं तर त्याचा मान ठेवतो. पण ‘चिनी म्हणजे झिरो धरत नाही’ हे तपासून बोलायचं वाक्य आहे. तपासायची रीत सोपी आहे: ५० यार्डांवर पाच गोळ्यांचा गट काढा. मग वरचा स्क्रू २० क्लिक वर, उजवा २० क्लिक उजवीकडे, पुन्हा २० खाली, २० डावीकडे, आणि परत पाच गोळ्या. दोन्ही गट एकाच जागी आले तर साइट खरी. सेन्सरवर विश्वास नसेल तर ४०३बी चं स्वयंचलित विझणं बंद ठेवता येतं.

दख्खनी_डॅलस

तुम्ही दोघं ब्रँडवर भांडताय, आणि रेंजवर ज्या ‘झिरो हलला’ म्हणून तक्रारी येतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त माउंटच्या असतात. साइट बिचारी निर्दोष.

रायफलच्या वरच्या रेलच्या (खाचांच्या पट्टीच्या) खाचेत माउंट बसवल्यावर आवळण्याआधी नळीच्या दिशेने पुढे दाबून धरायचं, मग आवळायचं. पुढे सैल जागा राहिली तर पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांत माउंट सरकून ती जागा भरून काढतो, आणि तुम्ही क्लिक मोजत बसता. साइट आणि माउंट जोडणारे चार बारीक स्क्रू असतात, टी१० (ताराकृती खाचेचे). ते हाताच्या अंदाजाने आवळले की एकतर ढिले राहतात नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातात. इंच-पाउंडचा टॉर्क रेंच घ्या आणि पुस्तिकेतला आकडा पाळा. आटे आधी स्पिरिटने पुसा, तेलावर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) धरत नाही. निळा घ्या, एकच थेंब. लाल लावाल तर काढताना तापवावं लागेल. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून माउंटवर पेंट पेनने एक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

आता झिरो. २५ यार्डांवर ठिपका आणि छिद्र एकावर एक आणून मंडळी घरी जातात, हे फार चुकतं. एआरवर ठिपक्याची रेषा नळीच्या सुमारे २.६ इंच वर असते. २५ ला तंतोतंत जुळवलंत तर १०० यार्डांवर गोळी सहाएक इंच वर लागेल. ५० यार्डांचा झिरो हवा असेल तर २५ वर गोळी ठिपक्याच्या सव्वा इंच खाली आणा, मग ५० वर पक्कं करा. १०० वर साधारण दीड इंच वर राहील. अर्ध्या एमओएची क्लिक २५ यार्डांवर एक अष्टमांश इंच हलवते, म्हणजे इंचाला आठ क्लिक. ५० वर चार. प्रत्येक गोळीनंतर स्क्रू फिरवू नका. तीन गोळ्या, गटाचा मध्य, मग क्लिक.

चष्मेवाली

माउंटचं लाख बरोबर, पण सगळ्यात जास्त पैसे पाण्यात जातात ते वेगळ्याच कारणाने, आणि त्याचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. चष्म्याचा सिलिंडर नंबर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसण्याचा).

‘ठिपका फुटलेला दिसतो, स्वल्पविरामासारखा दिसतो, द्राक्षाचा घड दिसतो, साइट खराब आली’ म्हणून लोक माल परत करतात. दुसरा मागवतात, तोही तसाच. मग सातशेचा घेतात, तोही तसाच. साइट बदलून डोळ्यातला दोष कसा जाईल?

तपासा असं. ठिपका मंद करून पांढऱ्या भिंतीकडे पाहा. आता डोकं सरळ ठेवून फक्त साइट ९० अंशांनी फिरवा. ठिपक्याची शेपटी साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा. शेपटी जागची हलली नाही तर दोष तुमच्या डोळ्याचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही पाहता येतं, पण एक्स्पोजर खाली ओढा. नाहीतर चांगला ठिपकाही कॅमेऱ्यात पसरलेला येतो आणि लोक तोच फोटो पुरावा म्हणून टाकतात.

लोखंडीसाइट

म्हणून तर म्हणतो, लोखंडी साइट शिका! तिथे फुटायला ठिपकाच नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य पीप साइटनेच घेतलं. त्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तुमचा २ एमओएचा ठिपका ५० मीटरवर २९ मिलिमीटर झाकतो. सांगा आता, कुठलं साधन जास्त बारीक?

दख्खनी_डॅलस

उदाहरण खरं आहे आणि अभिमानाचं आहे, पण इथे लागू नाही. त्या प्रकारात दुर्बीण आणि ठिपका लावायला मनाईच आहे, निवड करायला वाव नाही. ती पीप साइट म्हणजे डोळ्याजवळचं बारीक भोक आणि पुढे बदलता येणारी रिंग. एआरच्या घडीच्या (दुमडून ठेवता येणाऱ्या) साइटशी तिची तुलना होत नाही. आणि रेड डॉट घेतो कोण? दोन्ही डोळे उघडे ठेवून पटकन नेम घ्यायचाय तो. दहाच्या वर्तुळासाठी कुणी घेत नाही.

चष्मेवाली

लोखंडीसाइट, तुम्ही नकळत माझ्याच मुद्द्याला हातभार लावलात. बारीक भोकातून पाहिलं की किरण निवडक येतात आणि सिलिंडरचा दोष बराच झाकला जातो. म्हणून ज्यांच्या रायफलवर मागची घडीची साइट आहे त्यांनी ती उभी करावी आणि तिच्या बारीक भोकातून ठिपका पाहावा. गोल दिसला तर दोष डोळ्याचाच. फुकटची चाचणी.

उपाय क्रमाने सांगते. आधी प्रखरता कमी करा. भर उन्हातली पातळी सावलीत ठेवली तर निरोगी डोळ्यालाही ठिपका पसरलेला दिसतो. मग नंबर नव्याने काढून घ्या. ०.५० किंवा ०.७५ चा सिलिंडर बरेच चष्मेवाले ‘इतक्याला नको’ म्हणून सोडतात. वाचायला तो जाणवत नाही, काळ्या पार्श्वभूमीवरच्या प्रखर लाल ठिपक्याला जाणवतो. काढणाऱ्याला स्पष्ट सांगा की सिलिंडर पूर्ण घाला. आणि नेम घेताना मान पुढे झुकते, त्यामुळे तुम्ही काचेच्या मध्यातून पाहत नाही, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून पाहता. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर तिथे नंबर वाकडातिकडा लागतो. नेमासाठी साधा एकाच नंबरचा, मोठ्या काचेचा चष्मा ठेवा.

खडकवासला_ह्यूस्टन

आणि तरीही नाही जमलं तर १एक्स प्रिझम (वस्तू मोठी न दाखवणारी, आत प्रिझम असलेली साइट). प्रायमरी आर्म्सचा एसएलएक्स मायक्रोप्रिझम याच कामाचा. त्यात खूण काचेवर कोरलेली असते, डोळ्याकडची रिंग फिरवून ती स्वतःच्या नंबराला जुळवता येते, आणि बॅटरी मेली तरी काळी खूण दिसत राहते. लोखंडीसाइट यांच्या ‘रात्री दोन वाजता’ला हे उत्तर एमपॉइंटपेक्षा स्वस्त आहे.

लोखंडीसाइट

रात्री दोन वाजता काळी खूण अंधारात दिसणार कशी, हे सांगा आधी! आणि प्रिझमला डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. पलंगाच्या आडून, खांदा नीट न लागता, मान वाकडी असताना चित्र काळं पडतं. रेड डॉटमध्ये डोकं कुठेही असलं तरी ठिपका दिसला की झालं. अर्धवट सल्ला देऊ नका, यावर लोकांचा जीव अवलंबून असतो.

चष्मेवाली

अंधाराचा मुद्दा मान्य, प्रिझमचा प्रकाश चालूच ठेवावा लागेल. डोळ्याच्या अंतराचंही बरोबर. पण रिंगवरून एक सांगते: ती फक्त गोल (साधा प्लस-मायनस) नंबर जुळवते, सिलिंडर नाही. तरी कोरलेली खूण बहुतेकांना सुटसुटीत दिसते. दुकानात चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, दोन्ही वेळा पाहूनच पैसे द्या.

छर्रा१७७

पुण्यातून विचारतो. .१७७ स्प्रिंगची एअर रायफल आहे, २० जूलच्या आतली. एआरचे झटके सोसतो तो डॉट हिच्यावर आरामात चालेल ना? हिला धक्काच कितीसा!

दख्खनी_डॅलस

उलट आहे, जपून. स्प्रिंगचा पिस्टन सुटताना रायफल मागे जाते आणि पिस्टन टोकाला आदळला की झटक्यात पुढे. साइटला दोन्हीकडून मार बसतो. एकाच दिशेच्या धक्क्याचा विचार करून बनवलेली स्वस्त साइट इथे सोल्डरपाशी तुटते. विकणाऱ्याला लेखी विचारा की स्प्रिंग एअर रायफलवर वॉरंटी लागू आहे का. तुमचा रेल ११ मिलिमीटरचा डव्हटेल (तिरक्या कडांचा) असणार, एआरसारखा खाचांचा पिकॅटिनी नाही, तेव्हा तसाच माउंट घ्या. शेवटचा झटका पुढचा असल्याने माउंट मागे सरकतो, म्हणून त्याच्या मागे अडवणारी पिन हवीच. आणि २० मीटरवर ३ एमओएचा ठिपका साडेसतरा मिलिमीटर झाकतो, नाण्यावर नेम धरायचा तर २ चाच घ्या.

लोखंडीसाइट

दोन दिवस वाचतोय. रेंजपुरता रोमिओ५ चालेल असं माझ्या पहिल्या उत्तरात दुरुस्त करतो. वीस क्लिकची चौकोनी चाचणी पार पडली तर, आणि मागे घडीची साइट असेल तर. घरासाठी माझं मत तेच.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. सीआर२०३२ घेताना मुलांनी गिळू नये म्हणून कडू थर दिलेल्या येतात. त्या थरामुळे काही साइटना स्पर्श नीट मिळत नाही, ठिपका लुकलुकतो आणि माणूस साइटला दोष देतो. स्पिरिटच्या कापसाने कडा पुसा किंवा विनाथराच्या घ्या. झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आणि झाकण नाण्याने आवळताना जोर करू नका.

खडकवासला_ह्यूस्टन

कडू थराचं मला सुचलं नव्हतं. मूळ विचारणाऱ्याला तेही कळवतो. बॅटरी दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला बदलायची आणि झाकणाखाली तारखेची चिठ्ठी ठेवायची नाही, ती स्पर्श तोडते. तारीख माउंटवर चिकटपट्टीवर लिहा.

छर्रा१७७

साइट फिरवून पाहिली. शेपटी जागचीच राहते. म्हणजे डोळा. नंबर काढायला जाताना सिलिंडरबरोबर ॲक्सिसही (त्याचा कोन) लिहून मागायचा ना?

चष्मेवाली

हो, दोन्ही. ॲक्सिस पाच-दहा अंश चुकला तरी शेपटी पुरती जात नाही. चष्मा हातात आला की तिथेच मंद ठिपक्याकडे पाहा आणि फ्रेम नाकावर किंचित तिरकी करा. तिरकी केल्यावर ठिपका जास्त गोल झाला तर ॲक्सिस चुकलाय, काच परत द्या.