'शेजारी' आणि 'पडोसी' : कॅटलॉगमध्ये एक सिनेमा की दोन?

रीळवेडा : लायब्ररीत जुन्या डीव्हीडींच्या नोंदी चालल्यात आणि 'शेजारी'-'पडोसी'वर गाडी अडलीय. १९४१, प्रभात, शांताराम, गोष्ट तीच. सहकारी म्हणते एकाच वर्कखाली (म्हणजे कलाकृती एकच धरून) दोन एक्स्प्रेशन (तिचीच दोन रूपं) टाक, भाषा वेगळी एवढंच. मला नाही पटत. हे डबिंग नाहीये, मराठीचं शूटिंग वेगळं, हिंदीचं वेगळं, जागीरदार दोन्हीकडे मिर्झा पण मराठीत केशवराव दाते आहेत तिथे हिंदीत मझहर खान. माणूसच बदलला तर वर्क पण दुसरं.

कार्डवाली : मग उद्या नाटकाच्या प्रत्येक संचाला नवं वर्क देणार का? 😀 एफआरबीआर, म्हणजे ही वर्क-एक्स्प्रेशनची चौकट, १९९८ मध्ये आलं त्यात हाच तर मुद्दा होता, विखुरलेलं एका जागी दिसावं. 'पडोसी' मागायला आलेल्याला 'शेजारी' पण आहे हे तिथल्या तिथे कळायला हवं.

रीळवेडा : नाटकाची संहिता असते हो, तिच्यावर प्रयोग होतात. सिनेमात पडद्यावर दिसतं तेच मूळ. 'कुंकू' ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून आलाय, गोष्ट एक म्हणून कादंबरी आणि सिनेमा एकाच वर्कमध्ये टाकतो का आपण?

कार्डवाली : 'कुंकू' तुम्हीच काढलंत ते बरं झालं. 'कुंकू' आणि त्याचंच हिंदी 'दुनिया न माने', दोन्हीत शांता आपटे, दोन्हीत दाते. म्हणजे तुमच्या नियमाने हे एक वर्क आणि शेजारी-पडोसी दोन? कंपनी तीच, पद्धत तीच, न्याय मात्र वेगळा!

रीळवेडा : हम्म, हे मान्य. नटांवरून नको, शूटिंगवरून ठरवू. मग दोन्ही जोड्यांना दोन-दोन.

डब्यातली फिल्म : फिआफच्या (फिल्म संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ) २०१६ च्या कॅटलॉगिंग मॅन्युअलमध्ये एक्स्प्रेशन नाहीच, वर्कखाली व्हेरियंट (थोडा बदल असलेली आवृत्ती) येतो. 'शोले'ला ते चपखल बसतं, ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट आणि सेन्सॉरमुळे पोलीस येतात तो दुसरा, बाकी सिनेमा तोच. पण जिथे शॉट न शॉट नव्याने घेतलाय तिथे कशाचा व्हेरियंट म्हणायचं? मराठी मूळ धरायचं की हिंदी? आणि 'राजा हरिश्चंद्र' बघा, फाळक्यांनी १९१३ ला काढला, १९१७ ला परत काढला, आज जी रिळं उरलीत ती यातली कुठली यावर अभ्यासक भांडतात. सगळं एकाच वर्कमध्ये कोंबलं की तो वादच कॅटलॉगमधून गायब.

कार्डवाली : फाळक्यांचं सोडा, तो रीमेक, नवं वर्क, त्यावर माझं भांडण नाहीच. मी काउंटरवर बसते, सर्चमध्ये दोन नोंदी आल्या की लोक पहिली उघडतात आणि संपलं. करा दोन वर्क, पण लिंक तळाशी गाडू नका, शीर्षकाखालीच 'याच वेळी हिंदीतही चित्रित' असं दिसू दे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं का ते?

रीळवेडा : नाही होत. सध्या टीपेच्या रकान्यात लिहितोय.

कार्डवाली : म्हणजे तळाशीच ना!