मदत हवी आहे: बेल्जियममधील १९९० चा घटनात्मक पेच आणि पंतप्रधान मार्टेन्स यांची भूमिका

नमस्कार. तुलनात्मक राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्या आमच्या लहानशा गटासाठी मी एक टिपण तयार करत आहे आणि त्यातील एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. बेल्जियमचे राजे बोदुअँ यांनी १९९० साली गर्भपातविषयक कायद्यावर सही करण्यास नकार दिला आणि पंतप्रधान विल्फ्रिड मार्टेन्स यांनी त्यातून एक विलक्षण वाट काढली, हा टिपणाचा विषय आहे. घटनाक्रम पुरेसा स्पष्ट आहे. अडचण आहे ती त्या वाटेच्या घटनात्मक आधाराची.

ज्यांना हे प्रकरण परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हे विधेयक सरकारचे नव्हते. समाजवादी पक्षाचे सिनेटर रोजे लालमाँ आणि त्या वेळी विरोधी बाकांवर असलेल्या उदारमतवादी पक्षाच्या लुसिएन हेर्मान-मिखिल्सेन्स यांनी ते मांडले होते. मार्टेन्स ज्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे होते त्याचा विधेयकाला विरोध होता, तर आघाडीतील समाजवादी मित्रपक्ष त्याच्या बाजूने होते. त्यामुळे विधेयक सरकारी बहुमताने नव्हे, तर आघाडीच्या सीमा ओलांडून जमलेल्या बहुमताने २९ मार्च १९९० रोजी कनिष्ठ सभागृहात अंतिमतः मंजूर झाले. दुसऱ्याच दिवशी राजांनी मार्टेन्स यांना पत्र लिहून कळवले की, आपली सदसद्विवेकबुद्धी या कायद्यावर सही करू देत नाही. मात्र त्याच पत्रात त्यांनी असेही म्हटले होते की, आपल्यामुळे संसदीय लोकशाहीचे काम अडू नये आणि सरकार व संसदेने यावर कायदेशीर तोडगा शोधावा. ही दुसरी विनंती अनेक लेखांत ओझरती येते, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गुरुकिल्ली तीच आहे.

बेल्जियमच्या घटनेनुसार कायदा करण्याचा अधिकार राजा आणि दोन्ही सभागृहे यांचा एकत्रित आहे, त्यामुळे राजाच्या संमतीशिवाय कायदा पूर्णच होत नाही. त्याच घटनेनुसार राजाच्या कोणत्याही कृतीला मंत्र्याच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय अर्थ नाही आणि जबाबदारीही त्या मंत्र्याचीच असते. भारतीय वाचकाला येथे अनुच्छेद १११ आठवेल, परंतु आपल्याकडे राष्ट्रपती विधेयक एकदा परत पाठवू शकतात आणि संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यास संमती रोखता येत नाही. बेल्जियमच्या घटनेत अशी पायरी नव्हती.

मार्टेन्स यांच्यापुढे उघड दिसणारे पर्याय सगळेच महागडे होते. राजावर सहीसाठी दबाव आणला असता तर तो बहुधा राज्यत्यागापर्यंत गेला असता. सरकारने राजीनामा दिला असता तर संसदेतील बहुमत तसेच उरले असते आणि पेचही. मग ३ एप्रिलच्या रात्री मंत्रिमंडळाने तत्कालीन अनुच्छेद ८२ चा आधार घेऊन राजे राज्य करण्यास असमर्थ असल्याची नोंद केली. राजाच्या मृत्यूनंतर नवा राजा किंवा राजप्रतिनिधी शपथ घेईपर्यंत मंत्रिपरिषद बेल्जियन जनतेच्या नावाने राजाचे अधिकार वापरते, अशी तरतूद अनुच्छेद ७९ मध्ये होती. तिचाच उपयोग करून मंत्र्यांनी कायद्याला संमती दिली आणि तो जारी केला. ज्या ख्रिश्चन डेमोक्रॅट मंत्र्यांच्या पक्षाचा विधेयकाला विरोध होता, त्यांच्याही सह्या त्यावर आहेत. ५ एप्रिलला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत २४५ विरुद्ध शून्य मतांनी, ९३ सदस्य तटस्थ राहून, राजांची असमर्थता संपल्याचे ठरवण्यात आले आणि बोदुअँ पुन्हा राज्य करू लागले.

माझी अडचण येथून सुरू होते. अनुच्छेद ८२ मध्ये अभिप्रेत असलेली असमर्थता ही आजारपणासारखी किंवा कैदेसारखी वस्तुस्थिती असावी, असे त्याच्या रचनेवरून वाटते. १९४० मध्ये पिएर्लो सरकारने हाच अनुच्छेद बोदुअँ यांचे वडील तिसरे लिओपोल्ड यांच्याबाबत वापरला, तेव्हा राजे खरोखरच जर्मनांच्या ताब्यात होते. १९९० मध्ये मात्र राजे ब्रसेल्समध्ये, ठणठणीत प्रकृतीने, केवळ एका कागदावर सही करणार नाही एवढेच म्हणत होते. शिवाय अनुच्छेद ८२ पुढे सभागृहांनी राजप्रतिनिधी नेमण्याची गोष्ट करतो आणि १९९० मध्ये ती पायरी गाळली गेली. असमर्थता संपल्याचे संसदेने ठरवावे हा भाग मला सुसंगत वाटतो, कारण लिओपोल्ड यांच्या पुनरागमनाच्या वादात केलेल्या १९ जुलै १९४५ च्या कायद्याने तोच मार्ग आखून दिला होता. असमर्थता सुरू झाल्याचे मात्र मंत्रिमंडळाने एकट्याने ठरवले.

मार्टेन्स यांनी कौशल्य दाखवले याबद्दल दुमत नसावे. परंतु हा तोडगा राजाच्या सहमतीवर उभा होता आणि मला खटकते ते हेच. राजाची सहमती नसताना एखाद्या पंतप्रधानाने सही न करणे म्हणजेच असमर्थता असा अर्थ लावला, तर त्याला अडवणारे कलम कोणते? आणि सहमती हाच खरा आधार मानला, तर नको त्या कायद्यापुरते बाजूला होण्याची मुभा राजाला मिळते, जी घटनेने कोठेही दिलेली नाही.

लक्झेंबर्गचे उदाहरण तुलनेला उपयोगी आहे. २००८ च्या अखेरीस ग्रँड ड्यूक हेन्री यांनी इच्छामरणाच्या कायद्याला संमती नाकारली तेव्हा पंतप्रधान जाँ-क्लोद युंकर यांनी घटनेतील अनुच्छेद ३४ च बदलण्याचा मार्ग धरला. त्या दुरुस्तीनंतर ग्रँड ड्यूक कायदे केवळ जारी करतात. संमती देण्याचा अधिकार उरला नाही. गंमत म्हणजे युंकर यांच्या पक्षाचाही मूळ कायद्याला विरोधच होता. हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, मात्र घटनादुरुस्तीला वेळ लागतो हेही खरे.

मला तीन बाबतींत मदत हवी आहे. ल्यूवेन, ब्रसेल्स किंवा गेंट येथे कायद्याचे शिक्षण घेतलेल्या कोणी हे सांगावे की, तेथील वर्गांत हा प्रसंग अनुच्छेद ८२ चा (आजच्या क्रमांकानुसार ९३ चा) वैध वापर म्हणून शिकवला जातो, की अपवादात्मक परिस्थितीतील पळवाट म्हणून. दुसरे, ५ एप्रिल १९९० च्या संयुक्त बैठकीचे इतिवृत्त फ्रेंच किंवा डचमधून वाचून तटस्थ राहिलेल्या सदस्यांनी दिलेली कारणे मराठीत सांगू शकेल असे कोणी येथे आहे काय? त्यांचा आक्षेप राजावर होता, पंतप्रधानांवर होता की कार्यपद्धतीवर, हे समजल्याशिवाय माझे टिपण पुढे सरकत नाही. तिसरे, पंतप्रधानाने राज्यप्रमुखाला अशा प्रकारे तात्पुरते बाजूला ठेवल्याचे दुसऱ्या एखाद्या राजेशाहीतील उदाहरण ठाऊक असल्यास कळवावे. ब्रिटनमधील १९३६ चे प्रकरण मी मुद्दाम घेतलेले नाही, कारण तेथे राजानेच गादी सोडली.

गर्भपाताच्या कायद्याच्या योग्यायोग्यतेवर येथे चर्चा नको, ही विनंती. कोणाला मूळ फ्रेंच मजकुरातील अनुच्छेद ७९ आणि ८२ हवे असतील तर मी ते प्रतिसादात देईन.